हँडलच्या आतून वायरी नेताना भोकाची कड सांभाळा

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये मी कंट्रोल पॅनलचं वायरिंग करतो, २१ वर्षं झाली. पत्र्याला भोक पाडलं की ग्रॉमेट, म्हणजे कडेला बसणारी रबराची रिंग, बसवल्याशिवाय त्यातून वायर न्यायची नाही, हे आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवतात. तरी स्वतःच्या बुलेटच्या स्विचच्या वायरी बाहेरून न नेता हँडलच्या पाइपातून नेल्या तेव्हा मी घाई केली. जुलैत, भर पावसात, घोडबंदर रोडला गायमुखच्या चढावर रात्री हेडलाइट गेला. मागून कंटेनर येत होते. फ्यूज बदलला, तो लगेच उडाला. दुसऱ्या दिवशी कळव्याला घरी हँडल उघडलं. लो बीमच्या वायरीचं आवरण भोकाच्या कडेवर तांदळाच्या दाण्याएवढं कापलं गेलं होतं, आतलं तांबं हिरवं पडलं होतं. म्हणून सांगतो, या कामातला निम्मा वेळ भोकाला द्या. वायरी ओढणं तासाभराचं आहे.

आधी हँडल बघा. स्टीलचा पाइप हवा. मूठ बसते तिथे तो बाहेरून साधारण २२ मिमी असतो. ॲल्युमिनियमच्या हँडलला हात लावू नका. गाडी पडून वाकलेला किंवा आतून गंजलेला पाइपही नको. भोक पाडलेला पाइप कोऱ्या पाइपाइतका मजबूत राहत नाही, त्यामुळे मूळ हँडल तसंच जपून ठेवा आणि त्याच मापाचं दुसरं आणून त्यावर काम करा.

भोकाची जागा ठरवायला घाई नको. हँडल गाडीला आवळून धरणाऱ्या क्लॅम्पच्या खाली नाही, वाकणावर नाही, कारण सगळा ताण तिथेच येतो. स्विचच्या डबीखाली झाकलं जाईल असं एकेक भोक दोन्ही बाजूंना, तेही पाइपाच्या खालच्या अंगाला, म्हणजे पाणी आत उतरत नाही. उजवीकडे ॲक्सिलरेटरची नळी पाइपावर फिरते, तिच्याखाली भोक अजिबात नको. वायरी बाहेर काढायला दोन क्लॅम्पच्या मधल्या जागेत, हेडलाइटच्या बाजूला, दोन छोटी भोकं पाडा. एकच मोठं पाडलं तर पाइप तिथेच कमजोर होतो.

बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा, मूळ हँडल उतरवा आणि दुसरं हँडल लाकडाच्या दोन तुकड्यांमध्ये धरून वाइसमध्ये आवळा. गोल पाइपावर बिट घसरतं, म्हणून आधी सेंटर पंचने ठोकून खूण पाडा. मग ३ मिमी, मग ५, शेवटी ८, मधूनमधून तेलाचा थेंब. जास्त जागा लागली तर भोक पाइपाच्या लांबीच्या दिशेने कानशीने लांबट करा, आडवं वाढवू नका.

आता बर, म्हणजे ड्रिलने कडेला उठलेली धारदार कोर, काढायची. बाहेरची बर दिसते, आतली दिसत नाही आणि वायर कापते ती आतलीच. बारीक गोल कानस भोकातून तिरपी घालून आतल्या कडेवर फिरवा, नंतर पेन्सिलीला पॉलिश पेपर गुंडाळून घासा. कापसाचा बोळा कडेवरून सगळीकडे फिरवा. एक तंतू जरी अडकला तरी पुन्हा कानस घ्या. माझ्या दुसऱ्या हँडलला प्रत्येक भोकाला पाऊण तास लागला. मग पाइप ठोकून, रॉकेलने धुऊन, हवा मारून आतला कीस काढा आणि उघड्या धातूला रेड ऑक्साइड प्रायमरचे दोन हात द्या. खाडीची हवा आणि आपला पावसाळा, कोरं लोखंड इथे टिकत नाही.

वायरी काढण्याआधी कनेक्टरचे फोटो घ्या आणि प्रत्येक वायरीला नंबर घाला. रंगांवर विसंबू नका, तेलकट झाल्यावर तपकिरी आणि लाल सारखेच दिसतात. पिना कनेक्टरमधून काढाव्या लागतात, अख्खा कनेक्टर भोकातून जात नाही. वायर लहान पडत असेल तर पूर्ण नवी टाका. पाइपाच्या आत जोड कधीही ठेवू नका. हेडलाइटचा ६० वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर ५ अँपिअर खेचतो, त्याला १ चौरस मिमीची वायर द्या. हॉर्न रिलेवर असेल तर त्याला आणि इंडिकेटर, स्टार्टरच्या बटणाला ०.५ पुरते.

ओढायला सायकलच्या ब्रेकची आतली वायर सगळ्यात चांगली, ती वाकणातून सहज वळते. मधल्या भोकातून घालून स्विचच्या भोकातून काढायची. तिच्या टोकाला वायरी एकाखाली एक अशा मागेपुढे ठेवून टेप गुंडाळा, म्हणजे टोक निमुळतं होतं. वर स्लीव्ह, म्हणजे वायरींवरची संरक्षक नळी, चढवा, टाल्कम पावडर लावा. दोघं हवेत. मी स्विचकडून ढकलत होतो, मुलगी मधून ओढत होती. "पप्पा, थांबा, अडकलंय," ती म्हणाली तेव्हा आम्ही जोर लावला नाही. अर्धा वीत मागे घेतलं, थोडं फिरवलं, आणि सुटलं. जोर लावला की कडेवर आवरण सोलवटलंच म्हणून समजा.

स्विच जोडण्याआधी मल्टिमीटर बीपवर ठेवा, दोन टोकं विजेने जोडलेली असतील तर तो वाजतो. एक टोक पाइपाच्या कोऱ्या धातूला, दुसरं एकेका वायरीला. बीप वाजला तर ती वायर सोलली आहे, बाहेर काढा. बीप नसेल तर हँडल गाडीवर चढवा, डावीकडे आणि उजवीकडे शेवटपर्यंत वळवून बघा. मधल्या भोकातून हेडलाइटकडे जाणाऱ्या वायरींना तिथे ताण यायला नको, ढिला वळसा सोडा. मग बॅटरी जोडा, हँडल वळवत वळवत हॉर्न, इंडिकेटर, हाय आणि लो बीम, ब्रेकचा दिवा एकेक तपासा. ५०० किलोमीटर झाले की स्विचची डबी पुन्हा उघडून कडेजवळची स्लीव्ह बोटाने चाचपा, आणि दर सर्व्हिसिंगला भोकांच्या भोवती पाइपाला बारीक चीर पडली नाही ना ते टॉर्चच्या उजेडात बघा. चीर दिसली तर ते हँडल त्याच दिवशी उतरवा.