ग्रंथालयातल्या संगणकावर सगळ्यांनी मिळून एकच फाइल कशी लिहावी

गटाने मिळून अहवाल किंवा स्मरणिका लिहायची असेल आणि प्रत्येकाकडे संगणक नसेल, तर सार्वजनिक ग्रंथालय मोठा आधार ठरतं. गुगल डॉक्स या इंटरनेटवर चालणाऱ्या लेखन-साधनातली एक फाइल एकाच वेळी 100 जणांना संपादित करता येते. लिहिणं सोपंच आहे. काळजी घ्यायची ती परक्या संगणकावर आपलं खातं उघडताना आणि बंद करताना.

1. घरून तयारी करून निघा. खात्याला दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एकदा ओळख पटवणं, असेल, तर लॉगिनच्या वेळी फोन लागतो. तो जवळ नसला तर अडायला नको, म्हणून गुगल खात्यातले बॅकअप कोड आधीच काढून ठेवा. एका वेळी 10 कोड मिळतात, प्रत्येक 8 अंकी आणि एकदाच चालणारा. त्यातले एकदोन कागदावर पुरेत.

2. खासगी विंडो उघडा; ती बंद केली की ब्राउझर आपला इतिहास आणि लॉगिन जपून ठेवत नाही. क्रोममध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन. फायरफॉक्समध्ये एनऐवजी पी. पासवर्ड जतन करायचा का, असं ब्राउझरने विचारलं तर नाही म्हणा.

3. फाइल कुणाच्या हाती द्यायची ते ठरवा. ‘शेअर’मध्ये प्रत्येकाचा ईमेल घालून नुसतं वाचणं, टिप्पणी करणं किंवा संपादन, यांपैकी एक अधिकार द्या. ‘लिंक असलेल्या कुणालाही संपादन’ हा पर्याय सोयीचा वाटतो, पण लिंक कुठवर फिरेल ते आपल्या हातात राहत नाही. मी तो टाळायलाच सांगेन.

4. आता लिहा, थेट फाइलमध्येच. नोटपॅडवर लिहून नंतर चिकटवू म्हणू नका. बऱ्याच ग्रंथालयांत वेळ संपली की संगणक आपोआप बंद होतो आणि त्यावरचं सगळं पुसलं जातं. डॉक्समधला मजकूर इंटरनेट चालू असेपर्यंत आपसूक जतन होतो. आधी मथळे टाकून वाटून घ्या. दुसऱ्याच्या परिच्छेदात बदल सुचवायचा असेल, तर ‘सजेस्टिंग’ निवडा; मूळ वाक्य जागेवर राहतं, मान्य करायचं की नाही ते लिहिणारा ठरवतो. गटातले रुसवेफुगवे यानेच टळतात. मोठी काटछाट करण्याआधी फाइल मेनूतल्या ‘व्हर्जन हिस्ट्री’त त्या आवृत्तीला नाव द्या, म्हणजे मागे जाणं सोपं.

मराठी कळफलक नसेल तर गुगल इनपुट टूल्सच्या संकेतस्थळावर रोमन अक्षरांत टाइप करून देवनागरी मिळवता येते. बोलून टाइप करण्याची सोय मराठीतही आहे, पण ती वाचनकक्षात नको.

5. कुणाचं खातंच नसेल तर इथरपॅड हे ब्राउझरमध्येच मिळून लिहायचं साधन वापरा; त्यातल्या फाइलला पॅड म्हणतात. लॉगिन लागत नाही, प्रत्येकाचा मजकूर वेगळ्या रंगात दिसतो. मात्र काही संकेतस्थळं बराच काळ न वापरलेलं पॅड पुसून टाकतात, म्हणून प्रत उतरवून घ्या.

6. उठण्याआधी पाच मिनिटं राखून ठेवा. खासगी विंडो बंद केली तरी उतरवलेली पीडीएफ डाउनलोड्समध्ये तशीच राहते. ती पेनड्राइव्हवर घ्या, संगणकावरून काढा, रिसायकल बिनही रिकामी करा. मग साइन आउट करून सगळ्या विंडो बंद करा. साइन आउट राहून गेलंच, तर फोनवरून गुगल खात्याच्या सुरक्षा विभागात उपकरणांची यादी उघडा आणि त्या संगणकावरचं लॉगिन तिथूनच बंद करा.