घरकामातून सामूहिक कलाकृती कशी घडवावी

घरात कोण किती राबतं, हा विषय निघाला की बहुतेक वेळा भांडणावरच जातो. सगळ्यांनी मिळून त्यावर काही घडवायला घेतलं, तर हात गुंतलेले असताना माणसं जास्त मोकळेपणी बोलतात. चित्रकला यायलाच हवी असं नाही.

आधी जागा ठरवा. अख्खं घर नको, एखादं कपाट किंवा भिंतीचा कोपरा पुरे. १९७२ मध्ये ज्युडी शिकागो, मिरियम शापिरो या अमेरिकी कलाकार आणि त्यांच्या विद्यार्थिनींनी लॉस एंजेलिसमधल्या एका पडक्या घरात ‘वुमनहाउस’ हे बायकांच्या घरातल्या जगण्यावरचं कलाप्रदर्शन उभारलं. तिथे सँडी ऑर्गेलने चादरींच्या कपाटात बाईचा पुतळा ठेवला होता. फळ्या तिच्या अंगातून आरपार गेलेल्या, पण एक पाय कपाटाबाहेर पडलेला. एका कपाटात केवढं मावतं बघा!

मग आठवडाभर वस्तू जमवा : झिजलेली घासणी, सामानाच्या याद्या, तुटलेली बटणं, औषधांची रिकामी पाकिटं. प्रत्येक वस्तूला चिठ्ठी बांधा आणि दोन गोष्टी लिहा. काम कोणी केलं? ते करायचंय हे कोणाच्या लक्षात आलं? माझ्या मते सगळा जीव या दुसऱ्या प्रश्नात आहे. भांडी घासणारा सगळ्यांना दिसतो, साबण संपत आलाय हे डोक्यात ठेवणारी कुणालाच दिसत नाही. ज्याची चिठ्ठी त्यानेच लिहावी, मुलांनीसुद्धा.

आता जुनी चादर पसरा. प्रत्येकाने आपापल्या रंगाचा दोरा घ्यावा आणि ज्याच्या लक्षात काम आलं, त्याच्या रंगाने ती वस्तू चादरीवर टाचावी. ज्याला सुईत दोरा ओवता येत नाही, त्याने आधी बसावं. शिवणाऱ्या बाईने त्याच्या हातातून सुई काढून घेऊ नये. वेडेवाकडे टाके उसवू नका, कोणाच्या हाताला कशाची सवय आहे ते त्यांतूनच कळतं.

घरची माणसं लांब असतील तर टपालाने तुकडे मागवा. १९७५ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ‘फेमिनिस्टो’ या कला-उपक्रमात बायका घरी केलेल्या छोट्या कलाकृती एकमेकींना टपालानेच पाठवत.

पसारा कोण आवरणार, हे सुरुवातीलाच ठरवा. मर्ल लेडरमन युकलीस या अमेरिकी कलाकार बाईंनी १९६९ च्या आपल्या जाहीरनाम्यात झाडण्या-पुसण्यालाच कला म्हटलं होतं. तेव्हा आवरणाऱ्याचीही चिठ्ठी चादरीवर लागलीच पाहिजे. पाहुण्यांना दाखवण्याआधी मात्र सगळ्यांना विचारा. कुणाला आपली चिठ्ठी काढून घ्यायची असेल, तर कारण न विचारता काढू द्या.