सुई, एफएमआरआय आणि मेंदू: संशोधनातल्या या चुका टाळा

१९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात कोटणिसांबरोबर नागपूरचे डॉ. चोळकर होते, आणि त्याच पथकातील डॉ. बसू यांनी पुढे ॲक्युपंक्चर, म्हणजे शरीरावरील ठरावीक बिंदूंवर सुया टोचण्याची चिनी उपचारपद्धती, भारतात आणली. आज नागपुरातला एखादा पदव्युत्तर विद्यार्थी या सुईचा मेंदूवरील परिणाम एफएमआरआयने (रक्तातील बदलांवरून मेंदूची क्रिया टिपणाऱ्या चुंबकीय स्कॅनने) तपासू लागला, तर त्याची मोठी चूक बहुधा यंत्रापाशी होत नाही. ती तुलनेपाशी होते.

सुई टोचली की मेंदूतील स्पर्शाचे व वेदनेचे भाग प्रतिसाद देणारच. त्यातून टोचल्याचे कळते, बिंदूचे वैशिष्ट्य कळत नाही. पायाच्या करंगळीवरील ‘दृष्टीच्या’ बिंदूने मेंदूतील दृष्टिकेंद्र उद्दीपित होते, असा १९९८ मधील शोधनिबंध पुष्कळ गाजला. २००६ मध्ये त्याच्याच अनेक लेखकांनी तो मागे घेतला. म्हणून शेजारच्या, बिंदू नसलेल्या जागी टोचणे किंवा टोक मागे सरकणारी बनावट सुई वापरणे अत्यावश्यक आहे. खऱ्या सुईचा परिणाम सांख्यिकीदृष्ट्या सार्थ (निव्वळ योगायोग वाटू नये इतका ठळक) ठरला आणि बनावट सुईचा ठरला नाही, एवढ्याने दोन्हींत फरक आहे असे सिद्ध होत नाही. दोन्हींची थेट तुलना करावी लागते.

दुसरी अडचण वेळेची. तीस सेकंद टोचणे, तीस सेकंद विश्रांती ही नेहमीची रचना येथे फसते, कारण सुई फिरवणे थांबवले तरी तिचा परिणाम रेंगाळतो आणि ‘विश्रांती’ ही विश्रांती उरत नाही. सुईपूर्वीचा स्कॅन वेगळा घ्यावा, खरी व बनावट सुई वेगवेगळ्या दिवशी ठेवावी.

टोचताच माणूस दचकतो आणि डोके हलते. ही हालचाल नेमकी सुईच्या क्षणीच होत असल्याने तिचा ठसा मेंदूच्या प्रतिसादासारखा दिसतो. सरासरी हालचाल कमी आहे म्हणून निश्चिंत राहू नये. सुई अर्थातच चुंबकाकडे न ओढली जाणारी हवी.

स्वयंसेवक सकाळी तर्रीपोहे आणि चहा घेऊन येतो, यावर कुणी फारसे लक्ष देत नाही; पण कॅफिनने मेंदूचा रक्तप्रवाह घटतो आणि एफएमआरआय तर रक्तातील ऑक्सिजनवरच चालतो. चहाचे नियम सर्वांना सारखे असावेत.

हजारो व्हॉक्सेल (स्कॅनमधील मेंदूचे छोटे घन तुकडे) एकाच वेळी तपासताना काहींत निव्वळ योगायोगाने ‘क्रिया’ दिसते; त्यासाठीची सांख्यिकीय दुरुस्ती टाळल्यावर २००९ मध्ये मेलेल्या सॅमन माशाच्या मेंदूतही ती दिसली होती. दुरुस्तीनंतरही लिंबिक (भावनांशी निगडित) भागातील संकेत घटला म्हणजे वेदना घटली, असे लिहू नये. वेदना रुग्णाला विचारून, आकड्यात, त्याच दिवशी नोंदवावी.