कॅन्सर पेशंटसाठी मॅग्नेटिक मॅट घ्यायची असेल तर आधी हे करा

घरात कुणाला कॅन्सर निघाला की ओळखीतलं कुणीतरी मॅग्नेटिक गादी घेऊन येतंच, डेमो देतात, गाठ विरघळते म्हणतात. गाठ विरघळत नाही, तसा काही पुरावा नाहीये. रक्तातलं लोह चुंबक खेचतं हेही खोटं, तसं असतं तर दीड टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) एमआरआयमधून कुणी धड बाहेर आलंच नसतं आणि गादीतली चुंबकं त्याच्यापुढे काहीच नाहीत. जाहिरातीत 'कॅन्सर बरा होतो' लिहिलं असेल तर तिथेच थांबा, १९५४ च्या कायद्याने अशी जाहिरात करायलाच बंदी आहे.

कॉइलमधून करंटचे पल्स सोडणारी मशीन वेगळी, न जुळणाऱ्या हाडासाठी अमेरिकेत तिला १९७९ पासून मान्यता आहे, कॅन्सरसाठी नाही. तरी दुखणं किंवा झोप यासाठी मॅट वापरून बघायचीच असेल तर ऑन्कोलॉजिस्टना, म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना, तिचं मॅन्युअलच दाखवा, नुसतं "मॅग्नेट चालेल का" विचारू नका. पेसमेकर, कानातलं कॉक्लिअर इम्प्लांट, इन्सुलिन पंप, मेंदूतलं पाणी काढणारा शंट, ब्रेस्ट सर्जरीनंतर कातडी ताणायला आत बसवलेला एक्स्पांडर, यातलं काहीही असेल तर ते आधी सांगा, चुंबकाने यांची सेटिंग बिघडू शकते किंवा वस्तू जागची हलू शकते.

आणि हे नीट वाचा प्लीज, बऱ्याच मॅट गरमही होतात. फेंटानिलचा पॅच (जोरदार वेदनाशामकाची कातडीवर चिकटवायची पट्टी) लावलेला असेल तर उष्णतेने औषध एकदम जास्त शरीरात जातं, श्वास मंदावतो, जिवावर बेतू शकतं. केमोने पाय बधीर झाले असतील तर भाजलेलं कळतही नाही, रेडिएशन दिलेल्या कातडीवर तर शेक नकोच.

डॉक्टर हो म्हणाले तर आधी आठवडाभर रोज दुखणं ० ते १० मध्ये वहीत लिहा, मग मॅट सुरू करा, त्या काळात दुसरं नवीन काही सुरू करू नका नाहीतर कशाने बरं वाटलं कळणार नाही. दोन आठवड्यांत आकडा हलला नाही तर बंद करा, म्हणून कर्ज काढून विकत घेऊ नका, भाड्याने मिळते का बघा. केमो, रेडिएशन, गोळ्या एक दिवसही चुकवायच्या नाहीत. केमो चालू असताना १००.४ फॅरनहाइट ताप आला तर मॅटवर झोपवून वाट बघू नका, रात्र असली तरी लगेच हॉस्पिटलला फोन करा. थकव्यासाठी मात्र पुरावा आहे तो व्यायामाचा, डॉक्टरांना विचारून पेशंटला झेपेल तेवढं रोज चालवा.