उंदरांवर दम्याचा प्रयोग करताय? आधी त्यांचा स्ट्रेस सांभाळा
ठाणे-बेलापूर रोडच्या ट्रॅफिकमधून टेम्पोतून उंदीर लॅबला आले की लगेच प्रयोग सुरू करू नका, आठवडाभर तरी त्यांना रुळू द्या, कारण घाबरलेल्या उंदरात कॉर्टिकोस्टेरॉन हे स्ट्रेस हॉर्मोन वाढतं, ते सूज दाबतं, मग अ‍ॅलर्जन, म्हणजे अ‍ॅलर्जी आणणारा पदार्थ, दिल्यावर काही तासांनी श्वासनलिका पुन्हा आवळतात ना, ती लेट रिअ‍ॅक्शन कमी दिसू शकते आणि आपल्याला वाटतं औषध लागू पडलं! पहिली रिअ‍ॅक्शन मिनिटांत येते, तिच्यावर थांबू नका, पुढचे 3 ते 8 तास बघत राहा. हे हॉर्मोन मोजायला रक्त पिंजऱ्याला हात लावल्यापासून 3 मिनिटांच्या आत घ्या, रोज ठरलेल्या वेळीच, कारण संध्याकाळी हॉर्मोन आपोआप चढतं. गिनीपिग असेल तर त्याऐवजी कॉर्टिसोल मोजा, त्यांचं स्ट्रेस हॉर्मोन ते. आणि प्लीज, शेपटी धरून उचलू नका, ओंजळीत घ्या, खरंच कमी घाबरतात ते.