जुन्या लेन्सवरचं तेल अन बुरशी

आबांची हेलिओस 44-2 ही जुनी कॅमेऱ्याची लेन्स जळगावच्या घरी कपाटात पडलेली, उन्हाळ्यात 45 डिग्रीत आतलं ग्रीस पातळ होऊन उजेडाचं छिद्र लहानमोठं करणाऱ्या ब्लेडवर उतरलं अन पावसाळ्यात काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. आधी टॉर्च मारून बघा. लेन्स स्पॅनरने (खाचांत बसणारं दोन टोकांचं हत्यार) काच धरून ठेवणारी रिंग सोडवा, काचेची कोणती बाजू वर होती त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, मी नाही काढला तर दोन तास उलटसुलट करत बसलो. तेलाला आयसोप्रोपिल अल्कोहोल, लेन्स टिश्यूवर घेऊन मधून बाहेर गोल गोल, वापरलेला तुकडा परत नाही. बुरशीला 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, हातमोजे घालूनच. बुरशीनं कोटिंग (काचेवरचा पातळ थर) खाल्लं असेल तर डाग राहणारच, घासत बसू नका, फोटोत फारसा दिसत नाही. लेदरच्या केसमध्ये परत नको, ओल तिथेच धरते, हवाबंद डबा अन सिलिका जेल बरं.