कॉम्प्युटर सुरू होत नाही? फॉरमॅट मारण्याआधी हे करून बघा

गुरुवारी महावितरणच्या कामासाठी वीज गेली, संध्याकाळी आली आणि कॉम्प्युटर काही सुरू होईना, असे फोन मला वर्षातून चार-पाच तरी येतात. पुढचं वाक्य ठरलेलं: "दुकानवाला म्हणतो, फॉरमॅट मारावा लागेल." कळकळीने सांगतो, लगेच हो म्हणू नका. फॉरमॅटने विंडोज नवं होतं, पण सी ड्राइव्हवरचे फोटो, हिशेब, मुलांचे प्रोजेक्ट सगळं पुसलं जातं. आणि बिघाड रॅममध्ये (कॉम्प्युटरच्या तात्पुरत्या मेमरीच्या पट्टीत) असेल, तर एवढं करूनही मशीन अडलेलंच राहतं.

म्हणून आधी नीट बघा, ते नेमकं कुठे अडतंय.

दिवाच लागत नाही, पंखाही फिरत नाही? त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघा. मग कॅबिनेटच्या मागचा एसएमपीएसचा (आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याचा) छोटा स्विच आणि वायर तपासा. लॅपटॉप असेल तर चार्जर काढून पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा, चार्जर परत लावा आणि सुरू करा. एसएमपीएसचा डबा मात्र कधीही उघडू नका. वायर काढल्यावरही त्यात वीज साठलेली असते.

पंखा फिरतो, पण स्क्रीन काळीच? मॉनिटरची केबल घट्ट बसवा. वेगळं ग्राफिक्स कार्ड असेल, तर केबल त्यातच हवी. तरीही काही दिसलं नाही तर संशय रॅमवर. पुण्याच्या पावसाळ्यात दमट हवेने आणि एरवी बांधकामांच्या धुळीने रॅमच्या सोनेरी पट्टीवर मळ बसतो. नारायण पेठेतल्या आमच्या ओळखीच्या एका काकूंना फॉरमॅटशिवाय इलाज नाही असं सांगितलं होतं. मी रॅम काढली, पुसली, परत बसवली, मशीन सुरू झालं. त्यांच्या नातवाचे बारशापासूनचे फोटो त्यात होते.

डेस्कटॉपवर हे असं करा. प्लग काढा आणि पॉवरचं बटण १० सेकंद दाबा, म्हणजे उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या धातूला हात लावा, बाजूचं झाकण उघडा. रॅमच्या टोकांच्या खिट्या बाहेर ढकलून पट्टी वर उचला. सोनेरी भाग शाळेच्या साध्या खोडरबराने हलकेच घासा, भुगा कोरड्या ब्रशने झटका आणि 'खट्' आवाज येईपर्यंत दाबून बसवा. रॅम दोन असतील तर एकेकच लावून बघा, त्यात खराब पट्टी सापडते. बीप वाजत असतील तर मोजा. त्यांचा अर्थ मदरबोर्डच्या पुस्तिकेत असतो.

तारीख दर वेळी मागे जात असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा सेल संपलाय. पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या तापकीर गल्लीत किंवा घड्याळाच्या दुकानात मिळतो.

'बूट डिव्हाइस सापडत नाही' (म्हणजे विंडोज सुरू करायची डिस्क सापडत नाही) असं दिसलं तर लावलेले पेनड्राइव्ह आधी काढा. पुष्कळदा तेवढंच असतं.

विंडोजचं चिन्ह येऊन तिथेच अडकत असेल, तर चिन्ह दिसताच पॉवरचं बटण दाबून धरून मशीन बंद करा. असं दोन-तीनदा केलं की विंडोज स्वतःच दुरुस्तीचा निळा पडदा दाखवतं. तिथे ट्रबलशूट, मग ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये जा आणि आधी स्टार्टअप रिपेअर चालवा. नाही जमलं तर स्टार्टअप सेटिंग्जमधून रीस्टार्ट करून ४ दाबा, सेफ मोड (मोजक्याच गोष्टींनिशी चालणारं विंडोज) येईल. आदल्या दिवशी टाकलेलं सॉफ्टवेअर किंवा ड्रायव्हर तिथून काढून टाका. अपडेटनंतर बिघडलं असेल, तर 'अनइन्स्टॉल अपडेट्स' हा पर्यायही त्याच ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समध्ये आहे. बिटलॉकरची (डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची) ४८ अंकी की मागितली तर घाबरू नका, बहुतेक वेळा ती तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटवर असते.

एवढं करूनही हललं नाही, तर डेटा आधी बाहेर काढा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट (विंडोजसारखीच, पण मोफत ऑपरेटिंग सिस्टिम) तयार करा. बिघडलेलं मशीन त्यावरून सुरू करा (डेलवर एफ१२, एचपीवर एफ९) आणि इन्स्टॉल न करता फाइली बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. हार्डडिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर मात्र हेही करू नका. मशीन बंद ठेवा आणि डेटा रिकव्हरीचंच काम करणाऱ्याकडे न्या.

दुकानात द्यायची वेळ आलीच, तर पावतीवर 'विचारल्याशिवाय डेटा पुसू नये' एवढं लिहून घ्या.